खोकला गेल्यावर या

आमच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. फ्रीजमधनं फ्लूच्या इंजेक्शनची पेटी काढली, की बाकावरची माणसं आपोआप विचारायला लागतात. मी मूळची गुंजीची. लग्न होऊन निपाणीत आले आणि इथल्या डॉक्टरांच्या हाताखाली नर्स म्हणून लागले, त्याला चार वर्षं झाली. हसवणारे प्रश्न पुष्कळ आहेत. पण पहिल्याच वर्षी शांताक्काला मी चुकीचं उत्तर दिलं, ते अजून घशाखाली उतरत नाही. सांगते, पण जरा वळसा घालून. थेट सांगायला छाती होत नाही.

संकेश्वरचे एक रिटायर मास्तर दर वर्षी येतात. "गेल्या वर्षी घेतलेली कुठं गेली?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. डॉक्टर समजावतात, फ्लू रूप बदलतो, म्हणून लसही दर वर्षी नवी. मास्तर मान डोलावतात आणि बाही वर करत म्हणतात, "दोन काढा सिस्टर."

दुसरी त्यांच्या बायकोसाठी असायची; त्या जाऊन दोन वर्षं झाली. मी एकच काढते. ते एकीसाठीच दंड पुढं करतात.

मग तो ऊस कारखान्याचा ट्रक ड्रायव्हर. इंजेक्शननंच फ्लू होतोय म्हणं, असं घाबरत विचारत होता. मी सांगितलं, फ्लू होत नाही, फार तर दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. तेव्हा त्याचा खरा प्रश्न बाहेर आला. दारू पिली तर चालतंय काय? आठ दिवस हात लावायचा न्हाई, मी ठोकून दिलं! असलं कुठल्या पुस्तकात नाही. मनाचं सांगायची मला खोडच होती.

नवव्या दिवशी त्याची बायको आली. "सिस्टर, हे दर आठवड्याला देत्यात काय वो?"

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा तिच्या सुजलेल्या गालाकडं माझं लक्ष गेलं, आणि मला माझीच लाज वाटली.

आता शांताक्का. तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. लेक वैशाली हिंडलग्याला दिलेली. आईच्या घरात तंबाखूचा वास भरलेला, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला सहा महिन्यांपर्यंत फ्लूची लस देता येत नाही, तेव्हा त्याला जवळ घेणाऱ्यांनी तरी ती टोचून घ्यावी, आणि दोन आठवडे थांबून मग यावं. शांताक्का दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात. तिला नातवाला मांडीवर घ्यायचं होतं, बस्स, दुसरं काही नाही.

मी विचारलं, खोकला हाय काय? ती म्हणाली, हाय की थोडा. मी म्हटलं, "खोकला गेल्यावर या."

आठ दिवसांनी आली, खोकला होताच. परत पाठवली. तिसऱ्या वेळी आलं-मधाचा काढा पिऊन आली. दारातनं खुर्चीपर्यंत श्वास धरून चालली, बसली, बाही वर केली. मी कापूस भिजवला आणि तिला उबळ आली. "एवढाच वो, आता न्हाई येणार," ती म्हणाली. मी बाही खाली केली. नियम पाळला म्हणून खुशीत होते मी.

संध्याकाळी डॉक्टरांना सहज सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताप होता?" नव्हता. "अगं, नुसत्या खोकल्यानं लस थांबत न्हाई. आणि वखारीतल्या बायकांचा खोकला जायची वाट बघितलीस?"

सकाळी उठून तिच्या गल्लीत गेले. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, पहाटे लई ताप भरला, बेळगावला नेलंय. फ्लूच होता. तंबाखूच्या धुळीनं छाती आधीच गेलेली. पाचव्या दिवशी शांताक्का गेली. नातू तिनं फोनवरच बघितला होता.

बाळाला सहा महिने पूर्ण झाले, तेव्हा वैशाली आईचं घर रिकामं करायला आली आणि लशीसाठी त्याला आमच्याकडंच घेऊन आली. मला राहवलं नाही. तिच्या आईला तीनदा परत पाठवलं तेही सांगितलं, काढ्याचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "दिली असती तर आई वाचली असती काय?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होते.

"सांगता येत न्हाई गं," मी म्हटलं. "पण द्यायला पायजे होती."

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. डॉक्टरांनी सिरिंज भरली आणि बाळाला मांडीवर घ्यायला सांगितलं. वैशाली खुर्चीवरनं उठली.

"मला सुई बघवत न्हाई," ती म्हणाली. "बसा सिस्टर. तुम्ही घ्या त्याला."