मालतीकाकूंची सावलीतली बाग

मालतीकाकू कुणाकडेही गेल्या की घराआधी अंगण बघायच्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही अमेरिकेत, श्रूजबरी गावात घर घेतलं; त्या वर्षी आल्या तेव्हाही त्या चहा तसाच ठेवून मागच्या दाराने बाहेर गेल्या. मागे भलंमोठं मेपल. त्याच्या सावलीत मी लावलेले गुलाब आणि झेंडू उन्हाळाभर नुसत्या काड्या होऊन उभे होते.

"हे झाड आम्ही पाडणार आहोत," मी म्हटलं.

"अगं, नागपूरला आम्ही सावलीसाठी जीव टाकायचो आणि तू आयती मिळालेली घालवतेस? एक वर्ष थांब. मग खुशाल पाड."

काकूंची ओळख इथे आल्यावरच झालेली; त्या जवळच वूस्टरला एका लॅबमध्ये नोकरी करायच्या. शनिवारी मात्र काकांचा जुना कोट चढवून बागेत. सावलीत आणि थंडीत काय जगतं हे त्या चुकतमाकतच शिकल्या होत्या. "माझ्या हातून मेलेल्या झाडांचं एक जंगल होईल," असं हसत सांगायच्या. ऑक्टोबरात त्यांनी माझ्याकडून मेपलखाली छोटे छोटे कंद पुरून घेतले.

"इथे ऊन कुठून येणार, काकू?"

"एप्रिलमध्ये झाडाला पानं कुठे असतात? तेवढं ऊन यांना पुरतं."

त्या हिवाळ्यात माझं बाळ जन्मल्याबरोबर गेलं. आई भारतात, फोन लागणं मुश्कील. भेटायला आलेले सगळे "पुन्हा होईल" म्हणाले. काकू तसं म्हणाल्या नाहीत. कामावरून येताना वरणभात आणायच्या, माझी वेणी घालायच्या. बाळाचं नाव काय ठेवणार होतीस, हे फक्त त्यांनीच विचारलं.

बर्फ वितळल्यावर एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. उघड्या फांद्यांमधून ऊन थेट जमिनीवर आलं होतं आणि ओल्या पाचोळ्यातून बोटभर उंचीची निळी फुलं वर आली होती. मी तिथेच बसले आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडले. काकू शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "चल, पाचोळा जरा सैल करू या. खाली अजून आहेत, त्यांना जड होतं."

झाड पाडायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याच्याखाली काकूंच्या बागेतले नेचे आले, रुंद पानांचे हॉस्टा आले. पुढे नेहा झाली, तेव्हा डिंकाचे लाडूही काकूंनीच केले.

मग काकांनी नोकरी बदलली आणि दोघं ह्यूस्टनला गेली. काही वर्षांनी एका रविवारी काकांचा फोन आला. काकू गेल्या होत्या. मी फोन ठेवला आणि नेहाला सांगितलं. नेहा जवळ आली. इथल्या मुलांना आईवडिलांच्या ओळखीचं प्रत्येक माणूस काका नाहीतर काकू.

"मॉम, वॉज शी युवर रिअल काकू?"

"हो गं," मी म्हटलं. "सख्ख्या काकू."