चिठ्ठी लावलेला फिल्टर

पुंडलिकनगरच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच प्रश्न असायचा. मी दारात चपला काढते न काढते तोच वडील विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचे, "नाही." पीएचडीच्या सातव्या वर्षी या प्रश्नाचा राग येणंही थांबलं होतं. रागवायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं.

विषय सांगायला सोपा होता. शिवणाच्या सुईहून बारीक असा एक निळसर स्फटिक. तो खूप थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन एकट्यादुकट्यानं फिरायचं सोडून रांग धरतात, आणि ती अख्खी रांग आतल्या अशुद्धींना अडकून बसते. थोडा विद्युतदाब दिला तर ढिम्म हलत नाही. ठरावीक दाबाच्या पुढे मात्र सगळी मिळून सरकते. माझ्या आलेखात तिथंच वळण येत होतं. पण माझं काम तपासणाऱ्या समितीचं म्हणणं, असं वळण स्फटिक तापल्यानंही येईल; सगळे मिळून सरकतात याचा पुरावा आणा.

पुरावा काय असतो हे मला पाठ होतं. सरकणाऱ्या रांगेतून एक बारीक सूर निघतो आणि प्रवाह वाढवला की तो चढतो. दोन वर्षं मी तो शोधत होते. चार स्फटिक बदलले, चारही स्फटिकांना शिव्या घातल्या. आता शेवटचा एक उरला होता आणि मुदतवाढ महिनाअखेर संपत होती. सूर नाही तर प्रबंध नाही, इतकं ते सरळ होतं.

त्या दिवशी सकाळी मी आणि आमच्या प्रयोगशाळेतले मामा वाळूजच्या कारखान्यातून द्रव नायट्रोजन घेऊन आलो. मामा विभागातले जुने परिचर. रिक्षात पायांत कॅन धरून बसायचं, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव मुठीत. दुपारी स्फटिक थंड झाला आणि नेमकी वीज गेली, आली, परत गेली. त्या झटक्यात फिल्टर जळाला.

आमच्या इमारतीत विजेचा भरवसा नाही, तारांत कायम गुणगुण. म्हणून काहीही मोजायचं तर आधी फिल्टरचा डबा लावून ती गुणगुण आणि तिच्या आसपासचे सगळे सूर कापायचे, हा आमचा रिवाज. फिल्टरवर चिठ्ठीच होती: 'काढू नये.' इकडे नायट्रोजन उकळून उडून चाललेला. दुष्काळात तेरावा महिना. मी स्टुलावर बसून चक्क रडले.

"बिना फिल्टरचं लावा की ताई," मामा म्हणाले. "नायतरी जळालाच हाय."

स्फटिकाचा प्रवाह बॅटरीवर होता, अॅम्प्लिफायर सेलवर. मामांनी सवयीप्रमाणं त्याला जुन्या रेडिओचा स्पीकर जोडला. सैल तार ते अशीच कानानं शोधायचे. स्पीकर गुणगुणला.

"ही लाइनचीच गुणगुण," मी म्हणाले.

"लाईट कुठं हाय ताई? मग ह्ये काय गुणगुणायलंय?"

मी प्रवाह वाढवला. सूर चढला. कमी केला, उतरला. लॅपटॉप जोडला आणि नायट्रोजन संपेपर्यंत नोंदी घेतल्या. नंतर गरम होताना स्फटिक तडकला, पण तोवर काम झालं होतं.

मामांनी विचारलं, हे नेमकं काय होतं. म्हटलं, सकाळची रिक्षा आठवा. ओळीनं स्पीडब्रेकर, आणि रिक्षा जितकी जोरात तितके दणके भराभर. रांग त्या अशुद्धींवरून तशीच जाते, आणि त्या भराभर दणक्यांचाच सूर होतो.

मामांनी जळालेला फिल्टर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "म्हंजी दोन वर्सं दणके बसतच व्हते, अन् ह्यो डबा पुसत व्हता. चिठ्ठी कुणी लावली हो ही?"

अक्षर माझंच होतं. नव्या मुलांनी घोळ घालू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ती चिकटवली होती. मामांना ते अक्षर ओळखू आलं असणार. त्यांनी फिल्टर चिठ्ठीची बाजू खाली करून टेबलावर ठेवला.

घरी पोचले. चपला काढत होते.

"झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

वडील उठले, चष्मा लावला, पुन्हा काढला, आणि आईला हाका मारत आत गेले. मी तिथंच पायरीवर बसले. दोन वर्षांपूर्वीच झालं होतं, हे त्यांना सांगायला तोंड उघडेना.