सावळीच्या पायाचा कागद

भातलावणीच्या भर गर्दीत सावळी पहिल्यांदा बांधावर बसली. कमरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीत उतरत होती. सासू हौसा चिखलातूनच ओरडली, "राणीसाहेबांना खुर्ची आणू काय गो?" बाया हसल्या. सावळीही हसली आणि उठली.

दिवाळीपर्यंत तिचं डावं पाऊल घसटायला लागलं. खर्डीकडचा एक म्हातारा डाग द्यायला आला. तापलेला विळा पोटरीला टेकला तेव्हा ती किंचाळली. पावलाच्या बाहेरच्या कडेला टेकला तेव्हा मात्र नुसती बघत राहिली. कातडी जळल्याचा वास घरभर पसरला.

"डाग सोसवतो, नि लाकडाचा भारा सोसवत नाय?" हौसा म्हणाली. "सोंग हाय सगळं."

नवरा नवसूलाही ते पटलं. दोन वर्षं सावळीला बरं होण्यापेक्षाही एकच हवं होतं, आपलं दुखणं एकदा कुणीतरी खरं मानावं.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात तिचा भाऊ म्हादू, कसाऱ्याला रेल्वेत होता तो, तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. नवसू बरोबर आला तो सोंग उघडं पडलेलं बघायला.

डॉक्टरांनी पावलावरच्या डागावर बोट ठेवलं. "इथं डागलं तेव्हा कळलं?"

"कायच नाय."

त्यांनी टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारली. उजवं पाऊल उडालं, डावं लोंबतच राहिलं. मग गुडघ्यामागे विजेचा झटका दिला. यंत्राच्या काचेवर उजव्या पायाच्या दोन लाटा उमटल्या, डाव्याची एकच.

"दुसरी लाट कण्यापर्यंत जाऊन परत येते," डॉक्टर म्हणाले. "या पायात ती येतच नाही. कण्यातून निघते तिथंच नस दबलीय."

"म्हंजे सोंग नाय ना?"

"असलं सोंग कुणाला करता येत नाही, बाई."

सावळीने नवसूकडे पाहिलं आणि ती तिथेच रडायला लागली. डॉक्टर कागदावर लिहून देत पुढे सांगत होते: ऑपरेशन करू, कळ जाईल, पाऊल पूर्ण सुधारेलच असं नाही, वाकून काम आणि डोक्यावर ओझं कायमचं बंद. सोमवारी भरती व्हायला या, सहीला नवरा बरोबर हवा.

घरी नवसूने आईला सांगितलं, "खरं हाय गो आये. नस मेली." त्या दिवशी हौसाने सुनेला पाणी आणून दिलं. टोमणा मारला नाही. सावळीला भीती वाटली ती तेव्हा.

दोन दिवसांनी पंच बसले. नवसूने इस्पितळाचा कागद पुढे ठेवला. मुरबाडकडच्या भागी नावाच्या विधवेशी पाट लावून त्याला कामाला दुसरी बायको घरात आणायची होती.

"माजं कायबी दुखत नाय," सावळी म्हणाली. "सोंग व्हतं माजं. मी लावणी करीन."

"डाक्टरचा कागद खोटा काय?" म्हातारा पंच म्हणाला. "उगा हट्ट नको गो. दोन वेळचं खायला देईल तो तुला."

नवसूने मान डोलावली. म्हादू खूप भांडला, पण बहीण नवऱ्याच्या घरची होती.

सोमवारी नवसू एस.टी.त बसला, मुरबाडच्या.