तरतरीत तेवढेच

आमची मावशी म्हणजे किड्यांची डॉक्टरीण. तिचा मालक पिकावरचा मावा खाणारे ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, पाळून बागायतदारांना विकायचा. त्यातले थोडे चिरडून, त्यांना विषाणूची लागण नाही ना, एवढं मावशीने बघायचं. वर्षानुवर्षं एकही आजारी निघाला नाही. "बाईंच्या हाताला यश आहे," मालक म्हणायचा.

मग विकलेले किडे गिऱ्हाइकांकडे पटापट मरू लागले. मावशी पहिल्यांदाच पैदाशीच्या खोलीत गेली. तिथली बाई सुस्त किडे केरात लोटत होती आणि तपासणीसाठी तरतरीत तेवढे वेचत होती.

"असं का गं?"

"मालकच म्हणाले, तपासायला मरतुकडे पाठवणं बरं दिसत नाही."

म्हणजे इतकी वर्षं या डॉक्टरणीने फक्त धडधाकटच मारले होते.