सुमाची पत्रिका आणि माझं लिनक्स

माझ्या बहिणीचं लग्न ठरता ठरता अडलं, आणि त्यात ग्रहांचा काहीही दोष नव्हता.

घरात नवा कॉम्प्युटर आला होता आणि मी त्यावर सगळ्यांसारखं विंडोज न ठेवता लिनक्स टाकलं होतं. आमच्या अख्ख्या दांडिया बाजार भागात मी एकटाच! (असं मीच सगळ्यांना सांगत असे.) सुमाला बघायला रविवारी फतेगंजचे पाहुणे येणार म्हणून आई दोघांच्या पत्रिका घेऊन जोशीबुवांकडे निघाली. मी तिला दारातच अडवलं.

"जोशीबुवा कशाला? कॉम्प्युटर गुण जुळवील, पाहुण्यांसमोर!"

मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर पत्रिकेचा प्रोग्राम होताच. पण तो 'डेब' नावाच्या पुडक्यात बांधलेला, आणि माझं लिनक्स फक्त 'आरपीएम' पुडकी उघडणारं!

"दोन्ही लिनक्सच ना?" आईने विचारलं.

"हो, पण घराणी वेगळी. एकाकडचं दुसऱ्याकडे चालत नाही."

"अन् हे म्हणे लग्न जुळवणार!"

मी हट्टाने ते पुडकं आरपीएमचं करून घेतलं. तर त्याला एक जोडफाईल हवी. ती आणली, तिला दुसरी हवी. दुसरीला पुन्हा पहिलीच हवी, पण जुनी! (काका आले तर आत्या येत नाही, तसं.) शेवटी मी 'जबरदस्तीने बसव' असा हुकूम सोडला. पुडकं बसलं. बाकीचं सगळं कोसळलं!

पाहुणे आले तेव्हा काळ्या पडद्यावर नुसत्या चुका धावत होत्या. मुलाचे वडील दचकले. त्यांच्या मराठीत गुजराती मिसळलेली.

"केम, मंगळ निघाला का?"

"नाही हो, आरपीएम आहे."

मुलगा ताडकन उठला. "आरपीएम? अहो, मी डेबवाला!" आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. मग काय! पोहे आले, गार झाले. चहावर साय धरली. सुमा समोर येऊन बसली, खाकरली, बांगड्या वाजवल्या.

"दादा, जरा सरक ना!"

"थांब गं, आता सुरू होतंय!"

झालं नाही. पाहुणे उठून गेले. आईने माझ्याशी अबोला धरला.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. "घर पसंत आहे. मुलाला भाऊ तर फारच आवडला. फक्त मुलगी बघायची राहून गेली. पुढच्या रविवारी आलो तर चालशे ने?"

"अवश्य या!" आई म्हणाली. "त्या दिवशी याला प्रतापनगरला मामाकडे धाडते. आणि याच्यासाठी कुणी आरपीएमवाली असली तर बघून ठेवा."

मिळाली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने माझं लिनक्स पुसून विंडोज टाकलं!