तुटक रेघ

माझ्या जिभेला ऑफिसात सगळे वचकून असतात. पण त्या दुपारी नवी पेठेतल्या प्रिंटच्या दुकानात मला घाबरवलं ते एका रेघेनं.

मी सोलापुरातल्या एका सर्व्हेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढते. नकाशात रेघेलाच बोलावं लागतं. कुंपणाची रेघ फुल्याफुल्यांची, गटाराची ठिपक्यांची, असं सगळं ठरलेलं. तयार रेघा सॉफ्टवेअरमध्ये भरपूर मिळतात, पण जमिनीखालच्या हाय टेन्शन केबलसाठी मला मनासारखी एकही मिळेना. म्हणून मी माझी स्वतःची बनवली. छोटी रेघ, मग मोकळी जागा, त्या जागेत विजेची वाकडी खूण, परत छोटी रेघ. मेली खूण जागेवर बसायलाच तयार नव्हती! कधी रेघेवर चढायची, कधी आडवी पडायची. आकडे बदलून बदलून डोळे चुरचुरायला लागले. शेवटी जमली तेव्हा मी साहेबांना हाताला धरून ओढत आणलं. "झकास," म्हणाले. दिवसभर मी हवेत होते.

नकाशा विजापूर रस्त्याकडच्या एका कॉलनीचा होता. गल्लीच्या एका अंगाला बंद पडलेला जुना पाण्याचा पाइप, साध्या तुटक रेघेनं दाखवलेला. तो उकरून काढायचा होता. दुसऱ्या अंगाला चालू केबल, माझ्या रेघेची. तिकडं खणायचंच नव्हतं, म्हणून वीज बंद करायचा प्रश्न नव्हता. खोदकामाच्या सुपरवायझरला मी फोनवर बजावलं होतं, "तुटक रेघ दिसेल, तीच खणायची. दुसरीकडं हात लावायचा नाही." सकाळीच तो दुकानातून नकाशा घेऊन कामावर गेला. दुपारी मी ऑफिसची प्रत आणायला गेले.

गुंडाळी काउंटरवर उलगडली आणि आधी ती गल्ली शोधली. गल्लीच्या दोन्ही अंगांना तुटक रेघ. विजेची खूण औषधालासुद्धा नाही. खाली खुणांची चौकट असते, त्यातही दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या.

कारण मला तिथंच कळलं. ती खूण एका वेगळ्या बारक्या फायलीत असते. नकाशाबरोबर ती गेली नाही तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर रेघ उमटते, खूण गळते आणि जागा मोकळी राहते. साहेबांनी पेन ड्राइव्हवर नुसता नकाशा टाकून पाठवला होता.

"अहो, फाईल सापडत नाही असं कॉम्प्युटरनं सांगितलं नाही का तुम्हाला?" मी दुकानदाराला विचारलं.

"सांगितलं की," तो म्हणाला. "रोजच सांगतंय ते. इग्नोर मारायचं आणि प्रिंट काढायची."

"इग्नोर मारायचं? तिकडं माणूस मरेल!"

सुपरवायझरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. समोर दिसेल त्या रिक्षात बसले. पेठेत ही गर्दी! पुढं कापडाच्या गठ्ठ्यांचा हातगाडा आडवा.

"ताई, उडवू का लोकांना?" रिक्षावाला म्हणाला.

"हॉर्न वाजवा, नाहीतर मी उतरून पळते." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं बोळातून रिक्षा काढली.

मी फोन लावतच होते. नुसता राग येत होता. दुकानदाराचा राग, साहेबांचा राग, फोन न उचलणाऱ्या त्या बाबाचा राग. सगळ्यात जास्त त्या देखण्या रेघेचा. रेघेवर 'केबल' अशी साधी अक्षरं लिहिली असती तर काय बिघडलं असतं!

गल्लीच्या तोंडाशीच मातीचा ढीग दिसला. केबलच्या अंगाला. चर कमरेइतका खोल झाला होता आणि काठावर विटा रचलेल्या. अशा केबलवर विटांचा थर असतो, खणणाऱ्याला इशारा म्हणून. इथं त्या उचलून ठेवल्या होत्या. चरात एक माणूस पाय रोवून उभा होता आणि त्यानं दोन्ही हातांनी पहार वर उचलली होती.

"थांबाऽऽ! पहार टाका! बाजूला टाका!"

त्यानं मान वळवली. पहार तशीच हवेत. मग सावकाश त्यानं ती काठावर ठेवली.

"वर या आधी. वर या म्हणते ना!"

तो वर आला. मी मातीतच खाली बसले. सुपरवायझर कोपऱ्यावरून चहाचा कप घेऊन धावत आला. "अहो मॅडम, तुमीच म्हणालात की तुटक रेघ खणा म्हणून." मी चराकडं बोट केलं. उरलेल्या विटांच्या फटीतून केबलची काळी पाठ दिसत होती. कप खाली ठेवून तो चराशी वाकला आणि झटकन मागं सरला.

तिथं माती उचलणारी बाई त्या पहारवाल्या माणसाची बायको होती, सांगोल्याकडची. पाटी खाली ठेवून तिनं मला पाणी दिलं.

"काय झालं ओ ताई? लई घाबरलाय की."

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "कागदावरची रेघ चुकली."

"एवढंच व्हय?" ती हसली. "मग खोडा की."

तिचा नवरा शेजारी बसून तंबाखू मळत होता. मी त्याच्या हातांकडं बघत राहिले.