न बिघडणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर

नत्थुजी ड्रायव्हरांचा विश्वास असा कुणावरच नव्हता. रतिबाच्या दुधात पाणी आहेच असं ते धरून घेत. एखाद्या दिवशी दूध घट्ट आलं की त्यांना खरी काळजी लागे. "आज चांगलं देऊन राहिला म्हंजे कायतरी मोठं करून बसला असन," असं ते बायकोला, केशरबाईंना सांगत आणि गवळ्यावर चार दिवस नजर ठेवत. देवळातलं तीर्थही ते आधी हुंगत आणि मग तोंडाला लावत, असं आळीत बोललं जाई. आळीत काय, काहीही बोललं जातं.

अमरावतीच्या अंबापेठेतले बापूसाहेब धामोरीकर वकील, त्यांची मोटार नत्थुजी सत्तेचाळीस सालापासून चालवत. मोटार म्हणजे लढाईच्या आधीची, थकलेली अमेरिकन गाडी. बापूसाहेबांचा निम्मा धंदा अकोल्याच्या कोर्टात. अकोला साठेक मैल, आणि तेवढ्या वाटेत एकदा तरी बसकण मारल्याशिवाय त्या गाडीला चैन पडत नसे. तारखेच्या सकाळी नत्थुजी बंपरला पाण्याची कॅनव्हासची पिशवी लटकवत, हत्यारांची पेटी सीटखाली सरकवत, हँडल मारत आणि बोनेटला कान लावून उभे राहत. तेवढा वेळ खुद्द बापूसाहेबांनीही बोलायचं नाही, असा दंडक होता. "आज प्लगात खोकला हाय," असं काहीतरी निदान जाहीर झालं की मग गाडी हले.

ती थांबायची बहुतकरून मूर्तिजापूरच्या आसपास. तिथे खुशालरावांचं चहाचं हॉटेल. नत्थुजी गाडीखाली शिरले की अख्खं हॉटेल कपबशा हातात घेऊन सडकेवर येई. "हात हाय का काय हाय बावा या माणसाचा!" हे वाक्य नत्थुजींनी पंधरा वर्षं गाडीखाली पडल्या पडल्या ऐकलं होतं. पगार आपला पोटापुरता. माणूस जगत होता तो या वाक्यावर.

आणि बासष्टच्या फेब्रुवारीत ती जपानी गाडी आली.

बापूसाहेबांचा थोरला मुलगा हेमचंद्र कॉलेजात इतिहास शिकवी. मुंबईला परदेशी वकिलातीतला कुणी साहेब बदलून चालला होता, त्याची गाडी याने ओळखीपाळखीने मिळवली. टोयोपेट क्राउन तिचं नाव. रंग फिका निळा. पुढचं दार नेहमीसारखं उघडे, मागचं उलट दिशेने. दोन्ही एकदम उघडली की घरातलं कपाट सडकेवर उभं केल्यासारखं दिसे. आळी पाहायला लोटली, पण हात लावायला कुणी पुढे होईना. कारण जपानी मालाची कीर्ती वऱ्हाडात लढाईच्या आधीच पोचलेली होती. जपानी छत्री, जपानी खेळणं, जपानी पेन, सगळं दिसायला देखणं आणि वापरायला दोन दिवसांचं.

केशरबाईंनी पदर सावरत निकाल दिला. "माह्या माहेरून जपानी आरसा आला होता. दोन सालांत त्याच्यात तोंडच दिसेना."

"आरशाचा काय दोष वहिनी?" गर्दीतून कुणीतरी बोललं. कोण बोललं ते सांगण्यात अर्थ नाही. त्याचं त्या घरी जाणंयेणं अजून चालू आहे.

हेमचंद्राने मात्र गाडीचं कुळ सांगायला घेतलं. थोडं गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेतलं, थोडं त्या साहेबाच्या तोंडचं. "नत्थुजी, ही टोयोटा कंपनी मूळची कापड विणायचे माग करणाऱ्यांची. म्हाताऱ्या मालकाने असा माग काढला, की सूत तुटलं की माग आपला आपण थांबतो. त्याचे हक्क एका इंग्रज कंपनीने विकत घेतले. मग पोराने मोटारी काढल्या."

"आपला आपण थांबते?" नत्थुजींनी तेवढंच उचललं.

"माग थांबतो हो. मोटार नाही."

"घराण्याची सवय हाय, भाऊसायेब. कवा ना कवा वर येईन."

"लढाईनंतर कंपनी बुडायलाच आली होती. संप झाला, मालक पायउतार झाला. पण तेवढ्यात कोरियाच्या युद्धासाठी अमेरिकेने ट्रक मागवले आणि तगली. मग हीच क्राउन त्यांनी अमेरिकेत विकायला नेली. तिथल्या लांबलचक सडकांवर भरधाव सोडली की तापायची, म्हणून विक्री थांबवली आणि सुधारायला बसले."

"म्हंजे तापते," नत्थुजी म्हणाले. त्यांना कितीतरी दिवसांनी चांगली बातमी मिळाली होती.

पण ती तापेना. मे महिन्यात बोरगाव मंजूच्या सडकेवरचं डांबर पातळ होऊन चाकांना चिकटत होतं, बैल झाडाखालून हलत नव्हते, आणि ही बया पाण्याचा एक थेंब न मागता अकोल्यात जाऊन उभी. बंपरची पिशवी जशी भरून नेली तशी परत येई. नत्थुजी सकाळी बोनेटला कान लावत. आत शिलाई मशीनसारखा एकसुरी आवाज. ना खोकला, ना धाप. बापूसाहेब मागे बसून विचारत, "काय म्हणतेय?" आणि नत्थुजी खालच्या मानेने म्हणत, "काईच म्हनत नाई."

मूर्तिजापूर आता दोन मिनिटांत मागे पडे. खुशालराव हॉटेलातून हात हलवत. नत्थुजी हलवत नसत.

त्यांनी शोध सुरू केला. आधी प्लग काढून पाहिले, मग कार्बुरेटर खोलला. कॉटनमार्केटजवळच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून त्याला इंजिनाचा आवाज ऐकवला. मिस्त्री म्हणाला, "चांगली हाय." झालं, त्या दिवसापासून मिस्त्रीवरही संशय. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि बोनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवरची जपानी अक्षरं लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली. नांदगाव पेठेला बोनेट उघडलेलं असताना पाच-सहा जणांनी गाडी घेरली. "हे चिनी लिवलं हाय!" नत्थुजींनी गाडी जपानी आहे, जपान वेगळा, चीन वेगळा, असं बजावून लोकांना वाटेला लावलं. घरी येऊन मात्र त्या पट्टीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. कुणाची अक्षरं काय सांगत असतील, आपल्याला काय ठाऊक.

याच सुमाराला गाडीपेक्षा मोठी काळजी उभी राहिली. हेमचंद्र रविवारी स्वतः गाडी चालवायला लागला होता. एकदा ओट्यावर बापलेकांचं बोलणं चाललेलं, आणि नत्थुजी गाडी पुसत होते. म्हणजे फडकं एकाच जागी फिरत होतं आणि कान ओट्यावर होते.

"बाबा, ही गाडी कुणीही चालवेल. नत्थुजींचं वय झालं. चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागेत राखणीला माणूस हवाच आहे."

बापूसाहेब नुसतं "हं" म्हणाले.

तो "हं" नत्थुजींनी घरी नेला, केशरबाईंपुढे ठेवला आणि उलटासुलटा करून पाहिला. "सायेब नाराज हाय माह्यावर. आधी गाडी बंद पडे तं हसत हसत कोर्टात जाये. आता टायमावर पोचवतो, तं तोंड असं वाकडं! अकोल्याच्या कोर्टातून बाहेर येते ते दार आपटत."

"मंग टायमावर पोचवता कायले?" केशरबाई म्हणाल्या.

त्यांना म्हणायचं होतं की माणसाने थोडं सावकाश चालवावं. नत्थुजींच्या डोक्यात त्याचं भलतंच झालं. ज्याने उभ्या जन्मात कुठल्या वाहनाला दगा दिला नव्हता, तो माणूस दगा कसा द्यायचा याचा विचार करत दोन दिवस नीट जेवला नाही. गाडी आपण होऊन बिघडत नाही ना? तिला बिघडवायची, मूर्तिजापुरात, सगळ्यांच्या देखत. मग अर्धा तास घाम गाळून ती चालू करायची. म्हणजे ड्रायव्हर लागतो, हे साहेबांच्या ध्यानात येईल.

जानेवारीतली तारीख होती. कापसाच्या बैलबंड्यांची रांग सडकेने चाललेली, आणि मूर्तिजापूरचं रेल्वेफाटक अचलपूरच्या छोट्या आगगाडीसाठी बंद. ती गाडी इतकी सावकाश येते, की तेवढ्यात माणसाचं मन दहादा बदलावं. नत्थुजींचं नऊदा बदललं. दहाव्यांदा ते उतरले, "पानी पाह्यतो सायेब" म्हणाले, बोनेट उघडलं आणि कॉइलमधून निघणारी जाड वायर उपटून सदऱ्याच्या खिशात घातली.

फाटक उघडलं. बंड्या पुढे गेल्या. क्राउन जागची हलेना.

खुशालरावांनी लांबून पाहिलं आणि किटली तशीच टाकून ते धावत आले. "अरे, बंद पडली! जपानीन बंद पडली रे!" मागोमाग अख्खं हॉटेल आलं. नत्थुजींनी बाह्या सारल्या. वर्षभराने तो घोळका, ते वाकलेले चेहरे, त्या कपबशा. "सरका, हवा येऊ द्या," असं म्हणत ते बोनेटखाली वाकले.

"नत्थुजी," मागच्या खिडकीतून बापूसाहेबांनी हाक मारली. "जरा इकडे या. एकटेच."

नत्थुजी खिडकीशी गेले. बापूसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. कोर्टात उलटतपासणीला उभे राहताना ते असंच करत.

"फाटकाशी आलो तेव्हा गाडी चालू होती?"

"व्हय सायेब."

"बंद कुणी केली?"

"म्या. पेट्रोल कायले जाळा फुकट?"

"बोनेट उघडलंत, पाणी पाहायला. पाण्याचं झाकण पुढे असतं. तुम्ही बाजूला का वाकलात?"

"वायरा पाह्यल्या."

"जागच्या जागी होत्या?"

"व्हय."

"सगळ्या?"

नत्थुजींचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशावर गेला. बापूसाहेबांनी त्या हाताकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

"सायेब," नत्थुजी खिडकीत तोंड घालून हळूच म्हणाले, "तिच्यात खोट नाई. अकरा म्हईने धुंडून राहिलो, सापडली नाई. आज म्याच घातली. पन मले चांदूरले धाडू नका. संत्र्यायची राखन करून म्या काय करू? संत्रं काय बंद पडते?"

बापूसाहेबांनी चष्मा खाली घेतला. मग त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. सव्वानऊ.

"आज शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा दावा आहे. माझा साक्षीदार सासुरवाडीला जाऊन बसला आहे. तारीख वाढवून हवी आहे आणि कारण नाही. पूर्वी मी काय सांगत असे, ठाऊक आहे?"

"नाई सायेब. आमी बाहीर लिंबाखाली."

"गाडी वाटेत बंद पडली, असं सांगत असे. आणि ते खरं असे! पंधरा वर्षं खरं असे. आता मागल्या खेपेला तोंड उघडलं, तर समोरचे चिंतामणराव वकील उठून म्हणतात, बापूसाहेबांची गाडी जपानी आहे, ती बंद पडत नाही हे अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे. सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही."

नत्थुजींनी खिशातून वायर काढली. "लावू का मंग?"

"तुम्हाला कळत कसं नाही? खिशात ठेवा ती." बापूसाहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढून आवाज चढवला. "खुशालराव! दोन चहा. आणि स्टेशनवर माणूस धाडा, अकोल्याला तार करायची आहे. गाडी नादुरुस्त, म्हणावं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय ना?"

"पाह्यलं म्हंजे! डोयानं पाह्यलं!" खुशालराव म्हणाले. कोर्टात शपथेवर सांगायलासुद्धा त्यांची तयारी होती.

नत्थुजींनी मग दोन तास ती गाडी दुरुस्त केली. असं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. निरोगी इंजिनाचे नट सैल करायचे, पुन्हा आवळायचे, कपाळ पुसायचं, मान हलवायची. "हात हाय का काय हाय!" हे वाक्य चार वेळा ऐकू आलं, आणि चारही वेळा त्यांना कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं झालं.

तारीख वाढून मिळाली. घरी आल्यावर बापूसाहेबांनी हेमचंद्राला सांगून टाकलं, की ही गाडी दिसते तशी सोपी नाही, तिला नत्थुजींचाच हात लागतो. चांदूरच्या बागेत राखणीला दुसरा माणूस गेला. त्या सालापासून वर्षातून दोनदा, कधी तीनदा, क्राउन मूर्तिजापुरात बंद पडू लागली. ती कुठल्या तारखेला पडते याचा अभ्यास चिंतामणराव वकिलांनी केला असता तर बरं झालं असतं; पण त्यांनाही संशय गाडीचाच आला.

त्यामुळे व्हायचं ते झालं. अकोला कोर्टाच्या लिंबाखाली जमणारे ड्रायव्हर क्राउनकडे बोट दाखवून म्हणायला लागले, "पाह्यलं? शेवटी जपानीच. वरतून चकाचक, आतून फुसकी. नत्थुजी हाय म्हून चालते." अमरावतीत कुणाला जपानी गाडी घ्यायची लहर आली की घरचे म्हणत, आधी धामोरीकर वकिलांच्या ड्रायव्हरला विचारून या.

आणि ते खरोखर विचारायला येत. नत्थुजी बोनेटवर हात ठेवून उभे असत. ज्या यंत्रात त्यांना वर्षभर धुंडूनही खोट सापडली नव्हती, त्याच्याबद्दल ते म्हणत, "भरवसा नाई बावा तिचा." असं बोलून झालं की दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नसे. संध्याकाळी गाडी धुताना ते दोनदा पाणी घालत, आणि मागची उलटी दारं कोरड्या फडक्याने पुसत.

एकदा केशरबाईंनी पाहिलंच. "चांगली हाय का वाईट हाय, एकदाचं सांगा तरी."

नत्थुजींनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग वकिलांच्या ओट्याकडे. दोन्हीकडे कुणी नव्हतं, म्हणून त्यांना आणखीच संशय आला.

"लय चांगली हाय," ते पुटपुटले. "पन बोलू नको कोठी."